गहिनीनाथ सरांचा नकार

सुप्याला हायवेच्या कडेला टायरचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर गहिनीनाथ सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास. खाली टायर फुगवतात, वर माणसं. एमआयडीसीतली कंत्राटी पोरं पहिली पाळी सुटली की अंगावरच्या ग्रीसच्या वासासकट येऊन बसतात. साहेब चेन्नईचा, त्याला मराठी येत नाही आणि ह्यांना तमिळ येण्याचा संभव नाही, म्हणून मधल्या मध्ये इंग्रजीचं फावलं आहे.

सरांची ख्याती एका धड्यावर उभी होती. नकार द्यायचा तर क्रियाविशेषण नेमकं कुठं बसवायचं, हा तो धडा. सर फळ्यावर दोन वाक्यं लिहीत. आय रियली डोन्ट लाइक टी. आय डोन्ट रियली लाइक टी. मग खडू खाली ठेवून मोठ्या समाधानानं वर्गाकडं बघत. ‘रियली’ डोन्टच्या आधी बसलं, तर चहा मला मुळीच आवडत नाही, विषय संपला. तेच डोन्टच्या मागं जाऊन बसलं, तर तसा काही फारसा आवडत नाही, पण केलाच असेल तर आणा कपभर. ‘प्रॉबेबली’ची तऱ्हा वेगळी, ते ‘वोन्ट’च्या आधी बसणार, मागं बसवलं तर इंग्रज दचकतो. बस हॅजन्ट कम येट म्हणणारा प्रवासी नुसता उभा आहे आणि बस स्टिल हॅजन्ट कम म्हणणारा वैतागलेला आहे. शब्द कुठं बसलाय त्यावर माणसाची हिंमत कळते, असं सर सांगत. पोरं वहीत उतरवून घेत.

ह्या धड्याचा गुण येत होता, हे कबूल केलं पाहिजे. अंगद नावाच्या वेल्डरला दर रविवारी साहेब कामावर बोलवायचा. एका शनिवारी तो साहेबापुढं उभा राहिला आणि ‘आय रियली कान्ट कम’ म्हणाला. साहेबानं मान हलवली आणि पुन्हा बोलावलं नाही. अंगद क्लासमध्ये पेढे घेऊन आला. सरांनी दोन खाल्ले, कारण तिसऱ्यांदा आग्रह होण्याआधी नको म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

तर असा हा नकाराचा आचार्य. मराठीत मात्र ह्या माणसाच्या तोंडून उभ्या जन्मात धड ‘नाही’ निघालेलं नव्हतं. शेजाऱ्यानं दोन दिवसांसाठी म्हणून सरांच्या अंगणात बांधलेली म्हैस तिथंच दुसऱ्यांदा व्याली. मेव्हण्यानं नेलेली मोटरसायकल आता मेव्हण्याचीच म्हणून ओळखली जाते. कुणी काही मागितलं की सर म्हणत, ‘बघू’, ‘करू काहीतरी’, ‘तसं काही नाही, पण...’ आणि ह्या ‘पण’च्या पुढं काय आहे ते ऐकायला कुणी थांबत नसे. बायको रतन म्हणायची, “तुमच्या तोंडातनं न्हाई निघायचं तर ग्रामसभेचा ठराव लागंल.” सर ह्यावरही हसत. माणूस भला आहे, असं सगळी आळी म्हणे, आणि अशा भल्या माणसाचं जे करायचं ते सगळं करी.

इथवर ठीक होतं. म्हैस काय, मोटरसायकल काय, फुकटची करमणूक. पण मग रुपालीचं स्थळ आलं.

रुपाली ही सरांची एकुलती एक. बीएस्सी झालेली, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. माल पास की नापास, हे ती ठरवायची, आणि नापास मालाला ‘बघू’ म्हणायची तिला सवय नव्हती. स्थळ आणलं रतनच्या भावानं, भागवतनं; हाच तो मोटरसायकलवाला. बेलापूरचे रंभाजीराव, बागायत ऊस, बंगला, मुलगा म्हणजे त्यांचा पुतण्या ओंकार, दिसायला बरा. एकच गोष्ट रंभाजीरावांनी आधी सांगून टाकली, घरातल्या सुना नोकरी करत नाहीत.

रुपालीनं दुसऱ्याच दिवशी बापाला समोर बसवून सांगितलं, “पप्पा, मला हे लग्न अजिबात करायचं नाही. नोकरी मी सोडणार नाही. तुम्ही त्यांना तसं कळवा.”

“सांगतो,” सर म्हणाले.

आणि सांगितलं, बरं का. फोन लावून सांगितलं, “पोरीची अजून तशी फारशी इच्छा दिसत नाही.” पोरीनं ‘अजिबात’ घालून दिलेला निरोप सुप्यातून निघाला आणि बेलापूरला पोहोचेपर्यंत ‘फारशी’वर आला. पलीकडून रंभाजीराव मोकळं हसले. “पोरींची कुठं आसती सर? लाजायचंच हाय त्यांनी.”

आता नकार द्यायची एक रीत आपल्याकडं आहे आणि ती फार सोयीची आहे. पत्रिका जुळत नाही, असं म्हणायचं. ऐकणाऱ्याला सगळं कळतं, कुणाचं नाक कापलं जात नाही, पुढच्या लग्नात दोघं एका पंगतीला जेवतात. रतननं नवऱ्याला तेच पढवलं. पण तीन आठवड्यांनी रंभाजीरावांचा फोन आला आणि सर तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “आमी पत्रिका बघत न्हाई, माणसं बघतो. मग येत्या रविवारी सुपारी फोडू या?” सरांची पळवाट बंद झाली. “नाही म्हणजे, तुमची अडचण नसेल तर...” ते म्हणाले, आणि लग्न ठरलं.

रुपालीला हे सांगायला हवं होतं. सरांनी सांगितलं की रविवारी पाहुणे नुसते भेटायला येणार आहेत; कुठले, ते सांगितलं नाही.

रविवारी ती पाळी संपवून घरी आली तेव्हा अंगणात दोन गाड्या, आत सतरंजीवर दहा-बारा फेटे आणि टोप्या, पाटावर नारळ, सुपारी, हळदकुंकू. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. तिनं गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “मी ह्या लग्नाला तयार नाही. पप्पांना मी तेव्हाच सांगितलंय.”

ओंकार मोबाईलमध्ये बघत राहिला. भागवतला मात्र सुचलं; दुसऱ्याच्या घरातल्या अडचणीवर त्याला लगेच तोड सुचते. “तिला म्हणायचंय, नोकरीचं जरा नंतर ठरवू. व्हय ना दाजी?”

रंभाजीराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी सुपारी हातात घेतली आणि सरांकडं वळून शांतपणे म्हणाले, “सर, तुमी शिकल्यालं माणूस हाय. पोरीला न्हेमकं काय म्हणायचंय, ते तुमीच सांगा.”

सगळ्या खोलीनं सरांना रस्ता करून दिला होता. ‘तसं काही नाही’ एवढं म्हटलं की झालं. शब्द तोंडात तयार होता. सरांनी मुलीकडं बघितलं. ती बापाकडं रागानं बघत असती तर सर नेहमीसारखे सुटले असते. ती बघतच नव्हती. बाप काय म्हणणार, हे तिला ठाऊक होतं, आणि चपला पायात घालून ती परत बाहेर पडायला वळली होती.

“तिला नाही म्हणायचंय,” ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. “अजिबात नाही. तिनं मला हेच सांगितलं होतं. तुम्हाला मी सांगितलं नाही.”

रंभाजीरावांनी सुपारी पाटावर ठेवली. “एवढंच हुतं, तर फोनवर सांगायचं सर. आमी काय खाणार हुतो का तुमाला?” आणि ते उठले. पाठोपाठ सगळे उठले. पाहुणे जेवले नाहीत. भागवत ‘पुन्हा ह्या घराची पायरी चढणार न्हाई’ म्हणाला आणि मोटरसायकलवर बसून गेला. रतन स्वयंपाकघरात पुरणाच्या पातेल्यापुढं बसून रडली.

सर रिकाम्या सतरंजीवर बसले होते. आत कुठंतरी बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण बोललो. पोरगी आता जवळ येईल, काहीतरी म्हणेल, असं त्यांना वाटलं.

ती आली. समोर बसली.

“पप्पा, तुम्हाला त्या लोकांना नाही म्हणता येत नव्हतं, ते मला समजतं,” ती म्हणाली. “पण मी तुम्हाला सांगा म्हटलं, तेव्हा तुम्ही निदान मला तरी नाही म्हणायचं होतं. माझ्याच्यानं होणार नाही, एवढंच. मी स्वतःच फोन केला असता. तुम्ही मला ‘सांगतो’ म्हणालात आणि मी महिनाभर निवांत झोपले.”

रुपाली उठली, ताट वाढून घेतलं आणि एकटीच जेवायला बसली.