भर उन्हातली रात्र

किस्से कुणी जमवत नाही, ते बिनतिकिटाच्या प्रेक्षकांसारखे आपणहून येऊन बसतात. आमच्याकडे तर एकाच सिनेमाने गर्दी केली! लोणावळ्याचे बापट सर शाळेत शास्त्र शिकवायचे. साठच्या दशकात त्यांनी जुना सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेतला आणि सोबत एका गाजलेल्या तलवारबाजीच्या सिनेमाची, घरी दाखवायची छोटी प्रिंट. मी रेल्वेत क्लार्क. संध्याकाळी रिळं गुंडाळायला सरांकडे हजर! आजही जुनी मंडळी भेटली, की चहाच्या आधी हा सिनेमा सुरू होतो.

*

पहिला खेळ सरांच्या बाहेरच्या खोलीत, वहिनींच्या नव्या चादरीवर झाला. डब्यावर छापलं होतं, 'थिएटरइतकीच सुंदर प्रिंट'. नायक रात्री गुपचूप किल्ल्यात शिरतो तो प्रसंग आला, आणि पडद्यावर लख्ख ऊन पडलं!

त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसाच घ्यायचे आणि प्रिंट काढताना ते काळे करायचे. आमच्या प्रिंटमध्ये कुणीतरी तेवढंच विसरलं होतं. पहारेकरी टळटळीत दुपारी मशाल घेऊन हिंडत होता, आणि नायक त्याच्या नाकासमोरून 'लपत' चालला होता.

सर कळवळले. "भर उन्हात मशाल घेऊन कोण फिरतं?"

"स्वस्तातली प्रिंट घेणारा!" वहिनी म्हणाल्या.

*

सर तणतणत मुंबईला त्या दुकानात गेले. मीही सोबत होतो. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, लोक अंधुक दिसतं म्हणून भांडायला येतात. तुम्हाला जास्त उजेड दिलाय, तर तुम्ही भांडताय?"

परतीच्या गाडीत खंडाळ्याचा घाट संपेपर्यंत सर त्याला द्यायची उत्तरं जुळवत होते.

*

तळेगावच्या खेळाला मी रिळांची अदलाबदल केली. खलनायक तलवारीने मेला, आणि पुढच्याच रिळात दरबारात बसून नजराणा घेऊ लागला! सर माझ्याकडे असे बघायला लागले, की तो मेला तसा मीही मरावा.

एक रिटायर्ड पोस्टमास्तर मात्र खूश. "राहू द्या हो असंच! पहिल्यांदाच कुणाला दुसरी संधी मिळालेली बघतोय."

*

त्याच सुमारास आमच्या खेळांचं ऐकून तिकोणा पेठेचे कोंडिबा आबा सरांच्या दारात येऊन उभे राहिले. सिनेमाचं शूटिंग त्यांच्या गावाजवळच्या किल्ल्यावर झालं होतं. बुरूज चढायची वेळ आली तेव्हा हिरोचे पाय लटपटले, म्हणून त्याचे कपडे घालून आबाच चढले. आबा ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत होते आणि गावात कुणी ती मानत नव्हतं. एकदा ते चौघांना घेऊन पुण्याला सिनेमा दाखवून आले. पण प्रसंग रात्रीचा, पडदा काळाकुट्ट! तेव्हापासून गावात त्यांचं नाव पडलं, 'अंधारातला हिरो'.

"आनि बायकू काय म्हनली ठावं हाय? 'यष्टीनं जाऊन अंधार बघितला? त्यो घरी काय कमी व्हता?'"

आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. "सायेब, येकदा पेठंत दावा. बाकीच्यांचं ऱ्हाऊ द्या. मी खोटं बोलत न्हाई, येवडं तिला कळाय पायजे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "आबा, आमची प्रिंट जरा... उजळ आहे!"

आनंदाच्या भरात आम्ही लगेच ते रीळ लावून बघितलं. चढणारा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठमोरा होता. आमचे चेहरे पडले. आबा म्हणाले, "असू द्या. तरी बी दावा."

*

पेठेत वीज नव्हती. जनरेटर बैलगाडीतून नेला आणि देवळासमोर वहिनींची चादर ताणली. जनरेटरच्या आवाजात संवाद ऐकूच येईनात, पण कुणाची तक्रार नव्हती. आबा पुढे पुरुषांत बसले होते, त्यांची बायको हौसामावशी मागे बायकांत.

रात्र आली आणि ऊन पडलं. सगळं गाव हसलं. पाठमोरा माणूस बुरूज चढायला लागला. एकेक दगड, एकेक खोबण स्पष्ट दिसत होती.

"हे आबा व्हय?" कुणीतरी ओरडलं. "पाठ काय, कुनाची बी आसंल!"

पुन्हा हशा झाला. आबांनी मान खाली घातली. कशाला आणला हा सिनेमा इथे, असं मला वाटून गेलं.

पडद्यावरच्या माणसाने वरच्या एका दगडाला हात घातला, आणि मागे हौसामावशी ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"अवं, त्यो दगड नका धरू! हालतोय त्यो!"

हसणं जागच्या जागी थांबलं. आबांनी मान वर केली आणि मागे न बघताच म्हणाले,

"न्हाई धरत."