नाल्याच्या पलीकडचा नळ

पेंडूरकर बाईंची आणि माझी पहिली भेट अंधेरीच्या एका कॉलेजात, मुलाखतीच्या खोलीत झाली. अर्थशास्त्राची पदवी, गुणपत्रिका, शिफारसपत्र, सगळं मी फायलीत नीट लावून नेलं होतं. बाईंनी फाईल उघडलीच नाही. नळावर कधी भांडलीस का, एवढंच विचारलं. रोज भांडते म्हटल्यावर त्यांनी मला पाहणीच्या कामावर घेतलं.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या विद्वत्तेवर इतर मंडळी लिहितीलच. मला त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे, कारण ती चूक त्यांची नव्हती.

नाहूरजवळच्या एका वस्तीच्या मधून नाला जायचा आणि पालिकेच्या वॉर्डाची हद्दही त्याच नाल्यावरून. अलीकडे नळ आले, पलीकडे नाहीत. दोन्हीकडे माणसं तीच, कोकणातली आणि घाटावरची. कामं तीच, शाळाही एकच. बाई म्हणत, माणसांवर प्रयोग आपण करायचा नसतो. पालिकेनं तो नकळत केलेला असतो, आपण फक्त नीट बघायचं. दोन्ही काठांवरच्या मुलींची शाळेतली हजेरी ताडून पाहायची. जो फरक दिसेल तो नळाचा. तो दिसला की पलीकडेही नळ द्या, असं पालिकेला ठणकावून सांगता येणार होतं. रविवारी मुलुंडला बाईंच्या घरी आम्ही तक्ते मांडायला जमायचो, तेव्हा त्या स्वतः घावने घालून आधी आम्हाला खायला लावत.

पलीकडच्या सखूबाईंकडे गेले तेव्हा दारात चार हंडे भरलेले. त्यांची कमल अलीकडे राहणाऱ्या मावशीच्या नळावरून पाणी आणून वेळेवर शाळेला जात होती. निम्म्या वस्तीचं असंच चाललं होतं. सखूबाईंनी माझा हात धरला.

"ताई, हे लिहू नका हो. कळलं तर मावशीचा नळ कापतील."

मी लिहिलं नाही. पाणी कुठून, या रकान्यात सगळीकडे 'विहीर' ठोकून दिलं आणि मोठं पुण्य केल्यासारखी घरी आले.

फरक दिसला नाही. दिसणार कसा? दोन्ही काठ एकच पाणी पीत होते. बाईंनी जड मनानं तसा अहवाल दिला आणि नळानं काही फरक पडत नाही म्हणत पालिकेच्या कचेरीनं पलीकडे द्यायचे नळ रद्द केले. पुढच्या उन्हाळ्यात अलीकडच्या नळांचीच धार बारीक झाली. मावशीनं हात आखडता घेतला. कमलची शाळा सुटली.

तेव्हा कुठे मी बाईंपुढे तोंड उघडलं. त्यांनी तक्ता पुढे ओढून 'विहीर' लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"तू त्यांचं पाणी वाचवलंस," त्या म्हणाल्या, "आणि मी त्यांचा नळ घालवला."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी कचेरीला आपला निष्कर्ष चुकल्याचं लेखी कळवलं. मावशीकडचं पाणी बंदच झालं होतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लपवलं ते फक्त माझं नाव. बाईंचं विभागप्रमुखपद हातचं गेलं, परिसंवादांत लोक हसले, बाई गप्प राहिल्या. कचेरीनं फाईल बंद झाल्याचं कळवलं. मला लाज वाटते, आजही वाटते.

गुडघे दुखत असूनही बाई दरवर्षी त्या पत्राची प्रत घेऊन कचेरीचे जिने चढतात. पलीकडे अजून नळ नाही. तो येईपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, बाईंना धडधाकट आयुष्य लाभो. पहिला हंडा बाईंच्याच हातानं भरायचा, असं सखूबाईंनी ठरवून ठेवलं आहे. कमल आता मुलुंडला चार घरची भांडी घासते. मी तिला सगळं सांगितलं. पहिला हंडा भरायच्या दिवशी तुम्ही येऊ नका, म्हणाली.