बेकरीच्या भिंतीवरची माझी यादी

गुरुवारी सकाळी विश्रांतवाडीच्या आमच्या ऑफिसात होते आणि माधवकाकांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही इकडे या. आत्ता." मी काही विचारायच्या आत फोन बंद.

माधवकाकांची कोथरूडला छोटी बेकरी आहे. सोमवारपासून तिथे मनीषा कामाला लागली होती. मनीषाला दिसत नाही... उजेड आणि सावली तेवढी कळते. बेकरीच्या कामाचं रीतसर ट्रेनिंग घेतलेली मुलगी आहे ती.

अशा उमेदवारांना नोकरी देतील असे दुकानदार आणि वर्कशॉपवाले शोधणं हे माझं काम. बहुतेक जण चहा पाजतात, माझ्या कामाचं कौतुक करतात आणि "सध्या जागा नाही" म्हणतात. माधवकाका पहिले, जे म्हणाले, "एक आठवडा बघू. पण जबाबदारी तुमची."

मी परत फोन लावला. काकांनी उचलला नाही. मनीषाला लावला, तिनेही नाही.

मी लगेच रिक्षा पकडली. डोळ्यांसमोर फक्त तो ओव्हन, तापलेला ट्रे आणि तिची बोटं... मनीषाची आई म्हणाली होती, "ताई, तुमच्या भरवशावर पाठवतेय." संगमवाडीच्या पुलावर रिक्षा अडकली आणि तेच एक वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

सांगायला लाज वाटते, पण एक विचार असाही येऊन गेला की आता कोथरूडमध्ये दुसरं कोणी मला दारात उभं करणार नाही. आमच्या यादीत अजून कितीतरी जण नोकरीची वाट बघत आहेत. त्या सगळ्यांचं काय, हा विचार... आणि माझं काय, हाही.

बेकरीसमोर गर्दी नव्हती. ॲम्ब्युलन्स नव्हती. आत मनीषा खुर्चीवर बसली होती, मांडीवर पर्स, हातात घडी केलेली पांढरी काठी. मी आधी तिचे हात पाहिले. ठीक होते.

"या," काका म्हणाले. "तुमची मुलगी नोकरी सोडून चाललीय."

काय झालं, असं मी मनीषाला विचारलं. ती म्हणाली, "काहीच झालं नाही, ताई. चार दिवसांत काहीच झालं नाही, म्हणून चाललेय. खुर्ची देतात, दोन वेळा चहा देतात. मी काय पाहुणी आहे?"

मला काकांचा भयंकर राग आला. तो मी बोलूनही दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट केलं.

तिथे दोन पाट्या होत्या. 'ब्रेड दाबून पाहू नये' आणि 'चौकशी एकदाच करावी'. त्यांच्या मधोमध माझी यादी होती, लॅमिनेट केलेली.

"तुम्हीच दिलीत," काका म्हणाले. "बावीस सूचना आहेत. मी एकही मोडलेली नाही."

रविवारी घाबरून मीच टाइप केली होती ती. ओव्हनजवळ जाऊ देऊ नये. सुरी देऊ नये. भरलेला ट्रे उचलू देऊ नये. एकटी सोडू नये... हे सगळं पाळल्यावर काकांकडे तिच्यासाठी ती खुर्चीच उरली होती.

अशी काही यादी आहे हे मनीषाला माहीतच नव्हतं. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "वाचा ना, ताई."

मी वाचली... माझाच कागद, मोठ्याने, दुकानातल्या सगळ्यांसमोर. प्रत्येक सूचनेनंतर ती म्हणायची, "खोडा." काका मार्करने खोडायचे. माझा आवाज बारीक होत गेला.

'अंधार पडायच्या आत घरी पाठवावे' याला ती हसली. "अंधारात अडचण तुम्हाला येते, ताई."

एकच सूचना तिने ठेवली. जायच्या-यायच्या वाटेवर ट्रे ठेवू नयेत. "ही राहू द्या. परवा काकाच धडपडले." कामगार हसले. काका नाही हसले.

मग तिने हात धुतले आणि खारीसाठी ओव्हन कितीवर लावता ते विचारलं. काकांनी तिचं बोट ओव्हनच्या बटणाशेजारच्या त्या आकड्यावर टेकवलं. तिने कपाळावरची टिकली काढून तिथे चिकटवली, म्हणजे पुढच्या वेळी बोटाला कळेल.

हातमोजे घालून तिने ओव्हनचं दार उघडलं. काका पुढे झाले आणि मध्येच थांबले. मी डोळे मिटून घेणार होते, पण मिटले नाहीत... तिने ट्रे कडेला टेकवला, अंदाज घेतला, आत सरकवला, दार लावलं. 

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. कॉलेज सुरू झालं तेव्हा पप्पा महिनाभर लपून माझ्या मागे बसस्टॉपपर्यंत यायचे, हे मला खूप नंतर कळलं. तेही घाबरलेलेच होते. पण त्यांनी मला घरी बसवलं नाही.

तुमच्यापैकी कोणाचं दुकान असेल, वर्कशॉप असेल, तर अशा एका माणसाला कामावर घेऊन बघा. भीती वाटेल. मला अजून वाटते. फक्त त्याला काय जमतं आणि काय नाही, हे आधी त्यालाच विचारा. मी विचारलं नव्हतं.

काल काकांचा परत फोन आला. मी पर्स उचललीसुद्धा... "यायची गरज नाही," ते म्हणाले. "ती टिकली पडली. दुसरी लावून घेतलीय." फोन बंद.

ही पोस्ट मनीषा तिच्या फोनवर ऐकेलच, म्हणून इथेच लिहिते. सॉरी, मनीषा. आणि त्या दिवशी लगेच निघून गेली नाहीस, माझी वाट बघत थांबलीस, त्याबद्दल थँक यू.