लाल पाम आणि बेबीकाकूंचा हात

माझ्या थापा ऐकल्या नाहीत असा माणूस अख्ख्या बदलापुरात सापडणार नाही. पण ही गोष्ट — ही मी बायकोजवळसुद्धा काढलेली नाही.

हेंद्रेपाड्यात माझ्या अंगणात लाल पाम आहे. बुंध्याशी कोंब फुटत फुटत त्याचं बेट झालंय, आणि प्रत्येक देठ — कसं सांगू? — आत्ताच लाखेत बुडवून काढल्यासारखा लाल. सकाळचं तिरपं ऊन त्यावर आलं की माझ्यासारखा बडबड्या माणूस चहा निवेपर्यंत मुकाट उभा राहतो. आणला उल्हासनगरच्या नर्सरीतून. लोकांसाठी मात्र तो बोर्निओच्या जंगलातून, बोटीच्या कप्तानाच्या मांडीवर बसून आला. सहा वर्षं गुडघ्याच्या वर सरकला नाही. इथली थंडी त्याला सोसत नाही म्हणून मी स्वतः कुडकुडत त्याला शाल पांघरली. बदलापुरात असा दुसरा नाही, असं मी सांगायचो. माझ्या बोलण्यातलं तेवढं एक मला खरं ठेवायचं होतं.

खरवईच्या बेबीकाकूंच्या हाताला गुण होता. ही थाप नव्हे. आसपास कुठेही नवं झाड लावायचं तर पहिली माती त्यांच्या हातची. माझ्या दारचा कढीपत्ता, शेवगा त्यांनीच लावलेला. त्या एकदा पामासमोर आल्या आणि देवळात घेतात तसा डोक्यावर पदर घेतला.

"भाऊ, एक पिल्लू दिशील?"

नाही कसं म्हणू? उद्या या म्हणालो. आणि मग — मग मी कोंब खणून काढला, त्याची मुळं कात्रीने छाटली. एकूण एक. वर ओली माती थापून पिशवी बांधली. कोंब वरून हिरवागार. "काकू, तुमच्या हातात काठीलाही पालवी फुटेल," असंही वर म्हणालो.

दोन महिने त्यांनी तो जपला. तांदळाचं धुवण घातलं, उन्हाला आडोसा म्हणून जुनं लुगडं बांधलं. मी जाऊन सल्ले देत होतो — कल्पना करा. तो वाळला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुजं देवाचं झाड मारलं रे मी. माजा हात गेला."

मी काय बोललो? "होतं असं कधीकधी."

त्यानंतर काकूंनी एक रोप लावलं नाही. मग लोक कुणाला बोलवू लागले? ज्याच्याकडे लाल पाम जगला, त्याला. मी जात होतो. ऐटीत.

गेल्या पावसाळ्यात काकूंनीच निरोप धाडला. नातीच्या नावाने आंबा लावायचा होता. मी रोप उचललं तशा त्या चार पावलं मागे सरकल्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन.

"तू लाव. माजी सावली नको त्यावर."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी आंबा लावला, माती दाबली, पाणी घातलं.

रोप जगलं. काकू खरवईभर सांगतात, भाऊच्या हाताला गुण आहे.