पॉजवर ठेवलेला बाविसावा डाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक खेळ अर्ध्यात थांबवला. टीव्हीवरचा गेम. सत्तरीच्या सुतारानं अन् त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं टीव्हीसमोर बसून बटणं दाबावी, याचं लोकांना हसू यायचं. येऊ दे. पोरगी शाळेत होती तेव्हा बुधवारच्या बाजारातून ते मशीन आणलं होतं, कॅसेट खोचायचं. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली, मशीन इथं सक्करदऱ्यात राहिलं. मग दुपारची भांडी झाली की ही बसू लागली. खेळ दोघांचा होता म्हणून मलाही बसवलं.

खेळ रणगाड्यांचा. दोन रणगाडे आपले, बाकी सगळे वैऱ्याचे. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात आपलं घर. ते फुटलं की खेळ संपला. सगळे वैरी मेले की पुढचा डाव. मी पुढं घुसायचो, चार जणांना मारायचो अन् मरायचो. ती घरापाशीच थांबायची. माझ्या पाठीमागून जे निसटून यायचे त्यांना ती टिपायची. एकविसाव्या डावापर्यंत आम्ही पुष्कळ वेळा गेलो, पण त्याच्या पुढं कधीच नाही. पौषातल्या त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाविसावा लागला. गॅसवर वांग्याची भाजी होती. करपल्याचा वास आला तशी तिनं पॉज दाबलं. पॉजचं बटण एक नंबरच्या रिमोटलाच असते, तो तिचा. माझ्या दोन नंबरला ते बटणच नाही. मला थांबायचं असलं की मी म्हणायचो, थांबव वं, अन् ती तिच्या मनात आलं तर थांबवायची.

त्या मशीनमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमची रीत अशी, की डाव चांगला रंगला तर पॉज करायचा, टीव्ही बंद करायचा अन् मशीन तसंच चालू ठेवून झोपायचं. त्या दिवशीही तिनं ते केलं. स्वयंपाकघरातून दोन स्टीलच्या वाट्या आणल्या, पालथ्या घातल्या अन् मशीन उचलून त्यांच्यावर ठेवलं. पॉजवर ठेवायचं असलं की ती नेहमीच असं करायची. मी नेहमीसारखंच म्हटलं,

"मशीनले पाट देते का वं बसायले?"

"तुमच्यापेक्षा कामाचं आहे ते. बसू द्या."

पहाटे ती गेली. झोपेतच. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

घर माणसांनी भरलं. कोपऱ्यात मशीनचा लाल दिवा चालूच होता. मी येता-जाता त्याच्याकडे पाहायचो. कोणाला काही सांगितलं नाही. बायको गेली अन् म्हाताऱ्याला गेमची पडली आहे, असंच कोणी म्हटलं असतं. तिसऱ्या दिवशी राख सावडून घाटावरून परत आलो तर दिवा बंद. तिच्या धाकट्या भावानं मोबाईल चार्ज करायला तोच प्लग काढला होता. त्याला सगळ्यांसमोर मी जे बोललो ते कागदावर लिहिता येणार नाही. तो न जेवता सावनेरला निघून गेला. मी कशावरून भडकलो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

प्लग परत लावला. दिवा लागला पण पडदा नुसता करडा. एवढी वर्षं चाललेलं मशीन एकदा थंड पडलं ते उठलंच नाही. सीताबर्डीवर तीन दुकानं फिरलो. तिसऱ्यानं मशीन उघडून आतला काळ्या डांबरासारखा ठिपका दाखवला. म्हणाला, काका, सगळं याच्या खाली आहे, याला कोणी हात लावू शकत नाही.

पोरीनं मोबाईलवर तोच खेळ टाकून दिला. काचेवर बटणांची चित्रं. बोटाला काय कळते काचेवर? बटण दाबलं की गोळी दम खाऊन निघते. आमचा हात त्या मशीनच्या ठेक्यावर बसला होता, तो ठेका इथं नाही. पोरीला म्हटलं, हे नको. मला बाविसावा डाव गाठायचा आहे, अन् जसा आम्ही गाठला तसाच गाठायचा आहे. ती फोनवर म्हणाली, पाहते.

चैत्रात कुरिअर आलं. आत तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड. पोरीनं समजावलं, की मोबाईल त्या जुन्या मशीनची नक्कल करते, पण या बोर्डावरची चिप आतून ते मशीनच बनते. हे मला बरोबर समजलं. नक्कल म्हणजे प्लायवर सागवानाचा कागद चिकटवणं. हा बोर्ड म्हणजे सागवान. आमची कॅसेट तिनं मधात पुण्याला मागवून त्यातला खेळ एका कार्डात उतरवून घेतला होता. आता फक्त वायरी जोडायच्या, बाबा, ती म्हणाली. फक्त.

वायरीपासूनच रडगाणं सुरू झालं. बोर्डाची वायर चपट्या तोंडाची, माझ्या जुन्या टीव्हीला तीन रंगांची भोकं. मधात एक डबी लागते असं कळलं. उन्हात सायकल मारत सीताबर्डीला गेलो, डबी आणली, जोडली. काही नाही. दोन दिवस बोर्डाला शिव्या दिल्या. मग कळलं, की अशा डब्या दोन जातीच्या असतात. एक इकडचं तिकडे नेते, दुसरी तिकडचं इकडे आणते, अन् बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मी उलटी आणली होती. पुन्हा सायकल. दुकानदार म्हणाला, काका, नवा टीव्ही घेऊन टाका ना. मी म्हटलं, तू नवा बाप घे. त्यानं डबी बदलून दिली, पण हसला नाही.

मग कार्ड. नखाएवढं. वऱ्हांड्यात बसून खोचायला गेलो तर बोटातून सुटलं अन् रंध्याच्या भुशात पडलं. सगळा भुसा पिठाच्या चाळणीनं चाळला. ती असती तर चाळणीला हात लावू दिला नसता.

मग बटणं. जुने रिमोट जोडायला एक वेगळा तुकडा होता, तो लागला. पण मशीन विचारते, वर जायचं बटण कोणतं, खाली जायचं कोणतं, अन् विचारते इंग्रजीत. मी चौथी पास, तीही मराठीत. पोरगी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवणार असं ठरलं.

"बाबा, मले पंखा दिसून राहिला. फोन टीव्हीकडे करा."

फोन टीव्हीकडे केला तर हात रिमोटवर राहत नाही. रिमोट धरला तर फोन पडते. शेवटी फोन तांब्याला टेकवून ठेवला. ती एक शब्द वाचायची, मी एक बटण दाबायचो. मधात एकदा शिंक आली अन् दोनदा दाबल्या गेलं. मग वर केलं की रणगाडा डावीकडे जाऊ लागला. पुन्हा पहिल्यापासून. अख्खी दुपार गेली. शेवटी जमलं, तेव्हा ती खूष होऊन म्हणाली,

"अन् बाबा, याच्यात सेव्ह होते. कुठंही थांबवा, बंद करा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू."

मी फोन ठेवून दिला. तिचा त्यात दोष नव्हता. पण ज्या घरात एका पॉजसाठी आम्ही रात्र-रात्र दिवा जळता ठेवला, त्या घरात ही सोय आता आली. आता या सोयीचं मी काय करू? ते बटण मी अजून दाबलेलं नाही.

बोर्ड उघडाच होता. घरात उघडं-नागडं सामान ठेवणं मला जमत नाही. लकडगंजात मी चाळीस वर्षं रंधा मारला आहे. जुन्या चौकटीतलं सागवान उरलं होतं, त्याची पेटी केली. झाकण खाचेत सरकणारं. वायर जितकी जाड तितकंच भोक, एक सूत जास्त नाही. कुठं फट नाही. तेल दिलं तेव्हा रेषा अशा उठल्या, की दोन दिवस मी नुसता पेटीच पाहत होतो. बोर्ड आत ठेवला, झाकण लावलं अन् खेळायला बसलो. दोघांचाच खेळ लावला. दोन नंबर माझ्या हातात, एक नंबर बाजूला पाटावर.

चौथ्या डावात चित्र गोठलं. रणगाडे जागच्या जागी, गोळी अधांतरी, अन् आवाज एकच लांब सूर धरून बसलेला. बंद केलं, चालू केलं. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. तासभर चिडून पडून राहिलो, मग लावलं तर पाचव्यापर्यंत गेलं. याच्यात काही हिशेबच दिसेना. चार्जर बदलला. वायर बदलली. कार्ड काढून फुंकर मारली, परत लावलं. डबीवाल्याशी भांडून आलो, तो बिचारा तिसरी डबी द्यायला तयार झाला. वैशाख लागला तसं अजूनच बिघडलं. भर दुपारी तर पहिला डावही पुरा होत नव्हता. मी कूलरसमोर बनियनवर बसून घामाघूम, अन् समोर ते गोठलेलं चित्र. तिचा रणगाडा घरापाशी उभा. एकदा हातोडी उचलली होती. पेटी चांगली झाली होती म्हणून खाली ठेवली.

असे पंधरा-वीस दिवस गेले. सातव्या डावाच्या पुढं एकदाही गेलो नाही. माझ्या मनात बाविसाव्याचा आकडा पक्का बसला होता अन् मशीन सातव्यावर मला परत पाठवत होतं. पोरीला सांगायचं सोडून दिलं. तिनंच एका संध्याकाळी फोन केला, खेळ कुठवर आला म्हणून. मी म्हटलं, तुझं मशीन फालतू आहे, परत पाठव. तिनं सगळं विचारलं. कधी बंद पडते, किती वेळानं, लगेच लावलं तर काय होते. मग म्हणाली,

"बोर्ड कुठं ठेवला बाबा तुम्ही?"

"पेटीत."

"कोणत्या पेटीत?"

"मी केली ना. सागवानाची. मुंगी जाणार नाही आत."

तिनं एकच विचारलं.

"बाबा, आई मशीनच्या खाली काय ठेवे?"

दोन पालथ्या वाट्या. ते तिलाही माहीत होतं अन् मलाही.

उठून पेटीला हात लावला. तव्यासारखी नाही, पण अंगात ताप असलेल्या माणसासारखी. झाकण सरकवलं तर आतून गरम हवेचा भपका आला. वाट्या काहून ठेवते हे मी एवढ्या वर्षांत तिला एकदाही विचारलं नाही. फक्त टोमणा मारत राहिलो. रात्रभर चालणारं मशीन खालून तापते, त्याला खालून हवा लागते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हात लावून पाहिलं असेल तिनं. अन् मी, ज्यानं आयुष्यभर वस्तूला हात लावून पोट भरलं, मी फट नाही याचाच अभिमान धरून बसलो. मेहुण्यानं तर नुसता एक प्लग काढला होता, त्याला काही माहीत नव्हतं. मी चांगलं मशीन रोज माझ्या हातानं कोंडून मारत होतो, अन् मलाही काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या आधीच स्वयंपाकघरात गेलो. वाट्यांची चळत काढली. त्या दोन वाट्या कोणत्या, ते ओळखू आलं नाही. सगळ्या सारख्याच. म्हणून वरच्या दोन घेतल्या, पालथ्या घातल्या, बोर्डाला स्टील लागू नये म्हणून वर दोन लाकडी पट्ट्या टाकल्या अन् बोर्ड उघडाच त्यांच्यावर ठेवला. पेटी पलंगाखाली सरकवली. खेळ लावला. चौथा डाव गेला, सातवा गेला, काही गोठलं नाही. पण अकराव्यात मी पुढं घुसलो अन् मागून तिघं आले. घरापाशी कोणी नव्हतं. तिचा रणगाडा पहिल्या एक-दोन डावांतच मेला होता, चालवायला कोणी नव्हतं म्हणून. मी धावत मागं आलो, कसंबसं घर वाचवलं. विटा सगळ्या गेल्या होत्या. दोघांचा खेळ आहे तो. एकट्यानं बाविसावा गाठणं होत नाही, हे त्या बिनविटांच्या घराकडे पाहून मला कळलं.

थांबायचं होतं, पण माझ्या रिमोटला पॉज नाही. म्हणून पाटावरचा एक नंबर उचलला अन् पॉज दाबलं. टीव्ही बंद केला. मशीन चालूच ठेवलं.

मग सावनेरला फोन लावला. मेहुण्यानं पाचव्या घंटीला उचलला. मी त्याला सांगितलं, रविवारी जेवायला ये, वांग्याची भाजी करतो, अन् जेवण झाल्यावर दोन तास मोकळे ठेव, तुले एक खेळ शिकवायचा आहे. मग मी म्हटलं,

"अन् फोन घरूनच चार्ज करून येजो गा."