सण आला की पाटी बदलायची

किस्से काही कोणी जमवायला जात नाही हो. एका जागी चार वर्षं बूड टेकून बसलं की ते आपोआप साठतात, माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात तसे. आणि ती जागा फोटो स्टुडिओची असेल तर विचारूच नका! इतर दुकानांत माणूस जसा असतो तसा जातो. फोटोवाल्याकडे मात्र आपण कसं असायला हवं होतं, ते बरोबर घेऊन येतो.

आमचा स्टुडिओ चिंचवड स्टेशनाजवळ होता. आमचा म्हणजे बापूरावांचा. मी मागचे पडदे रंगवायचो, काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं लोकांच्या सुरकुत्या घालवायचो आणि दारावरची पाटी लिहायचो. म्हणून सगळे मला 'पेंटर' म्हणत. तिसऱ्या शालूवहिनी, बापूरावांच्या पत्नी. पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, पण दुकान कोणाच्या डोक्यानं चालतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. कोकणातून, मराठवाड्यातून माणसं नोकरीला येत होती. पण नवीन आलेला माणूस आधी खोली बघतो, मग स्टोव्ह घेतो. फोटो काढायचं त्याच्या मनातसुद्धा येत नाही. आम्ही आपले कॅमेऱ्यावरची धूळ झटकत बसायचो.

बापूरावांचे थोरले भाऊ, दादा, वाईकडच्या गावात किराणा दुकान चालवायचे. एका पौषात ते आले आणि निक्षून सांगून गेले, "बापू, एवढं वर्ष बघ. नाही जमलं तर भाऊबीजेला येतो, ह्या दाराला कुलूप घालतो आणि तुला घरी नेतो. गूळ विकण्यात काही कमीपणा नाही."

कमीपणा नव्हताच. पण बापूराव गुळाच्या ढेपेमागे बसलेले काही माझ्या डोळ्यांसमोर येईनात! फोटो काढताना त्या माणसाचा चेहरा असा उजळायचा की वाटायचं, ह्याचाच फोटो काढावा. शेवटी त्या वर्षापुरतं आमचं धोरण ठरलं: सण आला की पाटी बदलायची.

*

पहिली पाटी संक्रांतीची. कल्पना शालूवहिनींची. "काळी साडी आणि पांढरे हलव्याचे दागिने! अहो, हा सण फोटोसाठीच काढलाय देवानं!" असं म्हणून त्या शेगडीपाशी जाऊन बसल्या. हार, बाजूबंद, मुकुट, सगळं घरी केलं. मी पाटी लिहिली, 'नव्या नवरीचा हलव्याच्या दागिन्यांत फोटो. दागिने आमचे.'

गर्दी झाली की हो! एक दिवस निघोज्याची एक सासू नव्या सुनेला घेऊन आली. पोरगी अगदी लहान, सकाळपासून उपाशी असावी. सासू बाजूला पहाऱ्यावर उभी. बापूराव काळ्या कपड्यात डोकं घालून काच बघत होते. आतून त्यांचा दबका आवाज आला, "पेंटर, हार आखूड होतोय!"

बघतो तर नवरी एक-एक दाणा तोंडात टाकत होती. ओठ मिटलेले, नजर समोर. तिला तरी काय बोलणार? वहिनींनी सासूला गोड बोलून बाहेर सावलीत बसवलं, आत नवरीपुढे गूळपोळीचं ताट ठेवलं, आणि मग उरलासुरला हार घालून फोटो झाला. निगेटिव्हवर पेन्सिलीचा ठिपका दिला की छापात तो पांढरा उमटतो. मी दोन दिवस बसून हलवा काढला!

सासूनं फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि शेजारणीला म्हणाली, "बगितलंस? येक दाना हलू दिला न्हाई! लई सोशिक हाय आमची सून."

*

मग आली लग्नसराई. लग्नाळू मुलांसाठी बापूरावांनी एक काळा कोट शिवून घेतला. 'स्थळाला पाठवण्याजोगा फोटो. कोट आमचा.' तळेगावापासून चाकणपर्यंतची पोरं तो कोट घालून आमच्या खुर्चीला हात टेकून उभी राहिली.

एके सकाळी चाकणचा एक मुलीचा बाप आला. त्यानं टेबलावर तीन फोटो मांडले आणि शांतपणे विचारलं, "ही तिघं भाऊ हाईत का?"

"नाही... का बरं?"

"मग कोट आळीपाळीनं का घालत्यात?"

कोट स्टुडिओचा आहे, हे बापूरावांनी कबूल करून टाकलं. बापानं खिशातून चौथा फोटो काढला. त्यातला पोरगा साध्या खाकी शर्टात होता. "ह्याला का दिला न्हाई?"

"दिला होता हो. दंडाशी उसवला. बसेचना त्याला."

बापानं पहिले तीन फोटो परत खिशात घातले आणि चौथा मात्र मुठीत धरला. "दुसऱ्याचा कोट तिघांना बसला, ह्याला बसला न्हाई. हाच जावई!"

*

पावसाळ्यात गिऱ्हाईक फिरकत नसे. बापूरावांनी चार छत्र्या आणल्या आणि पाटी लावली, 'फोटो काढणाऱ्यास घरी जाण्यास छत्री मिळेल.'

आमच्या स्टेशनवरचा एक क्लार्क रोज संध्याकाळी भिजत यायचा. दारातच म्हणायचा, "बापूराव, फोटो उद्या. आज छत्री!"

आश्विन लागला तरी त्याचा उद्या काही उजाडला नाही. छत्र्या मात्र इमानदारीनं परत आणायचा, हे सांगायला हवं.

*

गणपतीत बापूराव आणि मी कॅमेरा घेऊन घरोघर गेलो. 'आपल्या घरच्या श्रींचा फोटो, आरास व कुटुंबासह.' चिंचवडगावातल्या एका घरी तर आरास अशी होती की मीसुद्धा पडदे रंगवणं सोडावं असं मला वाटलं. बापूरावांनी कॅमेरा लावला. घरातली माणसं जमली. मग शेजारची आली. मग पलीकडच्या आळीतली कोणी 'नुसतं बघायला' आली ती पहिल्या रांगेतच बसली. मधोमध एक लठ्ठ आत्याबाई पाटावर ठाण मांडून होत्या.

बापूराव कपड्यातून डोकं काढून म्हणाले, "काका, गणपती दिसत नाहीये."

घरमालकांनी मागे वळून मूर्तीकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "असू द्या हो. तो दरवर्षी येतो. आत्या रुसवा सोडून पहिल्यांदाच आल्यात!"

*

आमच्या भागात पोळा भाद्रपदात. म्हणून पाटी आली, 'सजवलेल्या बैलाचा फोटो, धन्यासह.' महाळुंग्याकडून शेतकरी मंडळी बैल रंगवून, झुली घालून, शिंगांना बेगड लावून आली. स्टुडिओमागच्या वावरात कॅमेरा लावला.

एक म्हातारबाबा एकच बैल घेऊन आले होते. त्यांच्याकडं एवढाच. पेरणीला शेजाऱ्याच्या एका बैलाशी सावड करायची, म्हणजे एक दिवस त्याच्या रानात, एक दिवस ह्यांच्या. उन्हं कलली होती, फोटोला वेळ लागत होता. बापूराव ओरडले, "हलू देऊ नका!" बाबा हलले नाहीत. बैलाला कोण सांगणार? अर्धा वेळ तो एका जागी उभा राहिला आणि उरलेला वेळ दोन पावलं सरकून!

छाप काढला तर फोटोत दोन बैल. दोन्ही जरा विरळ, पण दोन्ही ऐटबाज. बापूरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा आले तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "चूक झाली. पुन्हा काढून देतो. बैल घेऊन या."

बाबांनी फोटो छातीशी धरला. "न्हाई, न्हाई! ऱ्हाऊ द्या. म्हातारीला दावतो. म्हनंल, आली येकदाची जोडी दावनीला!"

 

*

दसऱ्याची कल्पना माझी होती, आणि तीच सगळ्यात फसली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. म्हटलं, कामगारांनी आपली हत्यारं घेऊन फोटो काढावा आणि गावी पाठवावा. खऱ्या कारखान्यात कॅमेरा कोण नेऊ देणार? म्हणून मी पडदाच रंगवला: मोठी इमारत, उंच चिमण्या आणि चिमण्यांतून ढगासारखा झकास धूर. आमच्या औषधाच्या कारखान्याला तसल्या चिमण्या नव्हत्या, पण धुराशिवाय कारखाना तो कसला!

रत्नागिरीकडचा एक फिटर पाना घेऊन, दात दाखवत त्या पडद्यापुढे उभा राहिला. फोटो गावी गेला. पंधरा दिवसांत तो तोंड पाडून परत आला. म्हणाला, "पेंटर, पडदा बदला. आमची आई रडून रडून बेजार झालीय. गावभर सांगत सुटलीय, मागं एवढी आग लागलीय आणि माझं पोर हसतंय!"

*

असं करत दिवाळी आली. दुकान चाललं होतं म्हणावं तर चाललं होतं, नाही म्हणावं तर नव्हतं. आणि भाऊबीजेच्या सकाळी दादा खरोखरच उतरले. डोक्याला फेटा, जाड मिशा, खांद्यावर शेला आणि पिशवीत घरचं पितळी कुलूप! ते त्यांनी टेबलावर ठेवलं. "आलेली गिऱ्हाइकं आटप. मग सामान बांधू."

वहिनी आत निघून गेल्या. मी आपला पाटीकडे बघत बसलो. 'दिवाळीनिमित्त सबंध कुटुंबाचा एकच फोटो. माणसं कितीही.'

तेवढ्यात एक बाई तीन मुलींना घेऊन आली. बीडकडची, नवरा गेलेला, कारखान्यात बाटल्या भरायच्या कामावर. थोरलीचं स्थळ बार्शीकडचं. मुलाच्या आईनं घरच्या मंडळींचा फोटो मागवला होता. मधली झग्यात, आणि धाकटी कडेवर बोट चोखत.

बाई चाचरत बापूरावांना म्हणाली, "फोटोत कुनी बाप्या मानूस बसवता येईल का, साहेब? नुसत्या बाया दिसल्या की लोक पुढं येत न्हाईत."

मी केस सारखे करून पुढे झालो. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नजर दादांकडं वळवली!

"मी फोटो काढून घेत नाही," दादा म्हणाले. "आयुष्य कमी होतं. आणि पाहुण्यांना खोटा माणूस दाखवायचा? हे बरं नव्हे, बाई."

बाईला ते पटलं. तिनं मान खाली घातली. "व्हय, बरं न्हाई ते. चला गं."

ती दारापर्यंत गेली तेव्हा दादांनी विचारलं, "भाऊ नाही का तुला?"

"न्हाई."

"आज भाऊबीज आहे."

"असंल, दादा. आमच्यात कुनाला भाऊच न्हाई. मला न्हाई, पोरींना न्हाई. आमाला कसली भाऊबीज?"

दादा आणि बापूराव, ह्या दोघा भावांनाही बहीण नव्हती. दर भाऊबीजेला दोघांची कपाळं कोरडीच राहत, हे वहिनींनी मला मागे सांगितलं होतं. दादा एकदम मोठ्यानं म्हणाले, "शालू, तबक आण! निरांजन लाव."

वहिनी तबक घेऊन धावतच आल्या. बाई मात्र दोन पावलं मागे सरली. "मी न्हाई, दादा. माझं कपाळ रिकामं हाय."

"मग? ओवाळून मला घ्यायचंय. कुंकू माझ्या कपाळाला लाव!"

तिनं लावलं. ते कुंकू पार फेट्यापर्यंत गेलं. तिनं ओवाळलं आणि दादांनी खांद्यावरचा शेला काढून तबकात ठेवला. मग ते उठून सरळ माझ्या पडद्यापुढच्या खुर्चीत जाऊन बसले. "आता ह्यात खोटं काही राहिलं नाही. या गं पोरींनो, मामाजवळ उभ्या राहा. ते बारकं द्या माझ्याकडं."

धाकटी मांडीवर बसली आणि तिनं पहिल्याप्रथम त्यांची मिशी धरली.

बापूराव काळ्या कपड्यात शिरले ते बाहेरच येईनात. कपडा तेवढा हलत होता. आम्हाला कळलं काय चाललंय ते. शेवटी दादाच खुर्चीतून ओरडले, "आटप रे बापू! आयुष्य कमी होतंय माझं!"

फोटो झाला. बाई डोळे पुसत दाराशी थांबली. बापूराव कॅमेऱ्याची तिवई धरून उभे होते. हळूच म्हणाले, "दादा, मग... सामान बांधायला घेऊ?"

"सामान? बार्शीची माणसं मामाची चौकशी करायला यायची कुठं?" दादांनी कुलूप उचलून पिशवीत टाकलं. "दुकान बंद करायचं नाही."

"कधीपर्यंत?"

दादांनी थोरलीकडं पाहिलं, मधलीकडं पाहिलं आणि मिशीतून धाकटीची मूठ सोडवत म्हणाले, "तिघींची लग्नं होईपर्यंत!"