न बोलावता आलेल्या मुली

अंधेरीच्या आमच्या शाळेत गाईडचं पथक शिवणाच्या बाईंकडे होतं, कारण शनिवारी त्यांना तास नसायचा. त्यांना गाठी येत नव्हत्या, तंबू त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि शिट्टी त्या तोंडावर पदर धरून वाजवायच्या. म्हणून त्या आम्हाला चळवळीचा इतिहास शिकवत. तो पुस्तिकेत छापलेलाच होता.

साठीचं दशक संपत आलं होतं, मी नववीत होते. इतिहास असा, की विलायतेत एका साहेबाने मुलांसाठी स्काउटची पथकं काढली. त्यांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच गणवेश करून, न बोलावता तिथे हजर झाल्या. साहेबाने विचारलं, तुम्ही कोण? त्या म्हणाल्या, आम्हीही स्काउट. साहेब विचारात पडला आणि त्याने मुलींसाठी वेगळी चळवळ काढून आपल्या बहिणीकडे सोपवली. पुढे ती आपल्याकडे आली. आधी साहेबलोकांच्या मुलींसाठी, मग आपल्या.

बाई म्हणाल्या, "पाठ करा." आम्ही केलं.

त्या हिवाळ्यात शाळेच्या स्काउटचं दोन रात्रींचं शिबिर आरे कॉलनीत ठरलं. आम्हाला काय, असं विचारल्यावर बाईंनी सांगितलं, की मुलींनी शाळेत बसून पथकाचा झेंडा भरायचा आहे, साखळी टाक्याने.

माझ्या शेजारी वेसाव्याची एक मुलगी बसायची. तिचे वडील मच्छीमार. ती फार बोलत नसे. झेंड्याचं ऐकून ती मला म्हणाली, "आपण जायचं ना मग. पुस्तकात आहे."

रविवारी सकाळी आम्ही पाचजणी गणवेश घालून निघालो. आईने दारातून विचारलं, "खंय जातंस? जेवक येतलंस मां?" मी म्हटलं, गाईडचं काम आहे. ते खोटं नव्हतं.

दोन बसगाड्या बदलून, गोठ्यांचा वास घेत आम्ही शिबिराच्या मैदानात पोचलो आणि ओळीत उभ्या राहिलो. पीटीचे सर दात घासत होते. त्यांनी आधी चूळ भरली.

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"कुणी नाही, सर," वेसाव्याची म्हणाली. "तशीच पद्धत आहे."

"कसली पद्धत?"

मग मी सावधान उभी राहून इतिहास म्हटला. मेळाव्यापासून साहेबाच्या बहिणीपर्यंत, सगळा. मी सावधान असल्यामुळे सरांना मध्येच थांबवता येईना. संपल्यावर ते म्हणाले, "बरं. बारापर्यंत थांबा. कशाला हात लावू नका."

मुलांचा एक तंबू पहाटे पडला होता. आत झोपलेले चौघे त्यावर बसून चहा पीत होते. वेसाव्याची तंबूभोवती एक फेरी मारून आली, तिने मुलांना उठवलं, खुंट्या उपटून तिरक्या ठोकल्या आणि दोऱ्या पुन्हा बांधायला घेतल्या. हात न लावण्याचं सांगितलेलं सर विसरले असावेत. ते जवळ येऊन वाकून पाहू लागले.

"या गाठीचं नाव काय?"

"नाव नाही, सर. बांधायची, काम झालं की सोडायची."

"पुस्तकात नाही ही."

"नाही ना."

सर उकिडवे बसले. मग म्हणाले, "परत दाखव. हळू."

सोमवारी मुख्याध्यापिकांनी आम्हा पाचजणींना आणि बाईंना बोलावलं. आम्हाला वाटलं, बाई आमच्यावर ढकलतील, आणि तसं केलं असतं तरी ते खरंच होतं. मुख्याध्यापिका बोलत होत्या आणि बाई खाली बघत होत्या. शेवटी मुख्याध्यापिकांनी विचारलं, "हे यांच्या डोक्यात भरवलं कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या. "पाठ करून घेतलंय."

बाहेर आल्यावर त्या आमच्याकडे न बघता शिवणाच्या वर्गाकडे निघून गेल्या. मला फार लाज वाटली. सरळ शिक्षा केली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात बाईंनी स्वतः अर्ज करून मुलींचं शिबिर काढलं, आरेमध्येच. वेसाव्याची आमच्यात नव्हती. नववीनंतर तिने शाळा सोडली आणि आईबरोबर मासळीबाजारात बसू लागली. मी तिला सांगायला गेले, तर टोपलीवरून मान वर न करता म्हणाली, "दव पडतं तिथे, दोर आखडतो. दोऱ्या रात्री ढिल्या ठेव गं."

बाई शिबिराला छत्री, अमृतांजन आणि दोन चादरी घेऊन आल्या. पहिल्या सकाळी त्या मोकळ्या केसांनी तंबूबाहेर आल्या. तसं आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ गवतात अनवाणी उभ्या राहिल्या.

परत आल्यावर त्यांनी शाळेला अहवाल दिला. तो मी वहीत उतरवून काढला होता, म्हणून आठवतो. "मुली आनंदात. पाणी लांब. पुन्हा जावे."